अक्का थ्रोबॉल खेळायची ते दिवस

फेब्रुवारी अर्धा सरला की मल्लेश्वरमच्या रस्त्यांवर काळ्या द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. ही बंगळुरूची द्राक्षं बियांची, जाड सालीची, आंबटगोड असतात आणि खाल्ली की बोटं जांभळी होतात. मी राहते त्या एचएसआर लेआउटमध्ये द्राक्षं प्लास्टिकच्या डब्यात बंद मिळतात आणि त्यांना वास नसतो. म्हणून वर्षातून एकदा तरी बस आणि मेट्रो बदलत मी मल्लेश्वरमला येते आणि गाडीपुढे नुसती उभी राहते. उन्हात तापलेल्या द्राक्षांना एक आंबूस वास येतो. तो नाकात गेला की मी तेरा वर्षांची होते, आणि मला तिथून पळून जावंसं वाटतं. तरी दर वर्षी येते.

या वर्षी गाडीपुढे उभी होते तेव्हा फोन वाजला. आमच्या चर्चच्या ग्रुपवर निरोप आला होता. पुढच्या महिन्यात फॅमिली डे आहे, व्हाइटफील्डच्या पलीकडचं मैदान घेतलं आहे, लेडीज थ्रोबॉलसाठी नावं आणि टी-शर्टची साइज कळवा. मिनिटभरात चार जणींनी साइज लिहून टाकली. पास्टरच्या बायकोनं खाली लिहिलं, "रूथआंटी, तुम्ही पाहिजेच. ट्रॅक पँट कंपल्सरी." आणि पुढे एक हसरा चेहरा.

"अक्का, एक किलो करू?" गाडीवाला विचारत होता.

"स्वल्प थांब," मी म्हटलं, आणि तिथेच फुटपाथच्या कट्ट्यावर बसले. त्या बाईनं काही वाईट लिहिलं नव्हतं. तिला काही माहीतच नव्हतं. तिचा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट आहे ही.

आमच्या घरी द्राक्षं खायला आणत नसत. ती प्रभुभोजनासाठी, म्हणजे उपासनेत भाकरीबरोबर हातोहात फिरणाऱ्या प्याल्यासाठी असत. आमची मंडळी, म्हणजे आजचं हेच चर्च, तेव्हा लहान होती, साठ-सत्तर माणसांची, आणि कडक. विकतचा वाइन तर सोडाच, बाटलीतला रसही चालत नसे. दर फेब्रुवारीत आई टोपलीभर द्राक्षं धुऊन उकळायची, आम्हा दोघींना हाताशी घेऊन मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायची आणि रस बाटल्यांत भरून लाखेनं तोंडं बंद करायची. तो वर्षभर पुरायचा. फडक्यात उरलेला चोथा मी आणि अक्का वाटीत घेऊन मागच्या पायरीवर बसायचो. साखर घालून खायचो, बिया अंगणात थुंकायचो. कोणाची लांब जाते ते बघायचो. अक्काची नेहमी लांब जायची. दोन दिवस आमचे ओठ जांभळे असायचे आणि शाळेत मुली विचारायच्या, काय खाल्लंस गं.

अक्का म्हणजे एस्तेर, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. निपाणीकडे आम्ही तिला ताई म्हटलं असतं. पण पप्पांना बंगळुरूच्या कारखान्यात नोकरी लागली, शेजारपाजार सगळा कानडी, म्हणून ती अक्का झाली.

मंडळीत एक शब्द सारखा कानावर पडे: जगाचं. सिनेमा जगाचा होता. रेडिओवरची गाणी जगाची. केसांतला गजरा, कानातले डूल, काचेच्या बांगड्या, पत्ते, कॅरम, ख्रिसमसला दारावर टांगायचा कागदी ताराही जगाचाच. माझे कान अजून टोचलेले नाहीत. संपिगे रोडवरून आम्ही दोघी मान खाली घालून चालायचो, कारण दुतर्फा सगळं जगच मांडलेलं असायचं आणि फुलवाल्या बायका मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, हार हातभर मोजत बसलेल्या असायच्या. अक्का हळूच म्हणायची, "वास घेतला तर चालतं. वास आपण घेत नाही, तो आपोआप येतो."

हे सगळं क्रौर्यानं चाललं होतं असं मी म्हणू शकत नाही. तसं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. पप्पा मंडळीत येण्याआधी दारू प्यायचे. आईच्या हातावर एक डाग होता, त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. ज्या दिवशी त्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी दारू, तंबाखू आणि जत्रेतला तमाशा हे सगळं एकदम सुटलं आणि पुन्हा कधी आलं नाही. नियम त्यांच्यासाठी विहिरीच्या काठाचा कठडा होता. कठड्यापलीकडे काय आहे ते त्यांनी पाहिलं होतं. आम्ही पाहिलं नव्हतं, म्हणून ते आमच्यासाठीही घाबरत.

अक्का कॉलेजात गेली आणि पहिल्याच महिन्यात खेळाच्या मॅडमनी तिची उंची बघून तिला थ्रोबॉलच्या मैदानात ओढलं. थ्रोबॉल म्हणजे व्हॉलीबॉलसारखंच, मध्ये जाळी, पण चेंडू मारायचा नाही. दोन्ही हातांनी झेलायचा आणि एका हातानं खांद्यावरून फेकायचा, तोही क्षणात. कर्नाटकात मुलींच्या शाळा-कॉलेजात हाच खेळ. घरी अक्कानं सांगितलं, जादा तास असतात. पहिलं वर्ष ती सलवार-कमीज घालून खेळली. मग संघात निवड झाली आणि संघाला निळी ट्रॅक पँट लागायची. ती घरात ठेवायची सोय नव्हती. ती माझ्या शाळेच्या दप्तरात राहायची, भूगोलाच्या वहीखाली. साडेतीनला शाळा सुटली की मी कॉलेजच्या कुंपणाशी जायची, दप्तर तिच्या हातात द्यायची आणि भिंतीवर बसून बघायची.

मला खेळातलं फार कळत नसे. पण अक्काला मी घरात कधी तशी पाहिली नव्हती. घरात ती खांदे आत घेऊन वावरायची, उंच मुलींनी वावरावं तशी. मैदानावर खांदे मागे जायचे. लाल माती, चुन्याच्या रेघा, चेंडू तळव्यांवर आदळल्याचा तो थप्प आवाज, आणि अक्का ओरडायची, "माझा, माझा." घरात आम्ही कशालाच 'माझं' म्हणत नव्हतो. ते ऐकायला मला लाज वाटायची आणि आवडायचंही. खेळ संपला की तिच्या गालांवर धूळ आणि घाम असायचा. नळावर तोंड धुताना ती म्हणायची, "रूथ, तुला ठाऊक आहे, चेंडू हातातून सुटतो ना, तेव्हाच कळतं तो कुठे पडणार. पडायच्या आधी कळतं." असं ती बोलायची तेव्हा मला वाटायचं, प्रार्थनेत लोकांना असंच वाटत असणार. मला प्रार्थनेत तसं कधी वाटलं नव्हतं.

ती शेवटच्या वर्षाला होती, संघाची कप्तान होती. फेब्रुवारीत आंतर-कॉलेज स्पर्धा होती. उपांत्य सामना म्हैसूरला होता. मी म्हटलं मलाही ने. ती म्हणाली, शक्यच नाही, तू नसलीस तर घरी विचारतील. ती मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते असं सांगून पहाटेच्या गाडीनं गेली आणि संध्याकाळी जिंकून परत आली. मी दिवसभर घरी द्राक्षं निवडत होते. तिनं माझ्यासाठी म्हैसूरपाक आणला होता. तो मी खाल्ला नाही.

त्याच रविवारी उपासना झाल्यावर बेंजामिनअण्णा आमच्या घरी आले. ते मंडळीचे पुढारी. पांढरा सदरा, खिशात मुलांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांना कोणीतरी म्हैसूरच्या स्टेशनवर अक्का दिसल्याचं सांगितलं होतं. अक्का मंडळीतल्या एका आजारी बाईकडे डबा द्यायला गेली होती. आई पप्पांकडे बघत होती, पप्पा जमिनीकडे. अण्णांनी मला जवळ बोलावलं. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"रूथ, तू खोटं बोलत नाहीस. हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. अक्का संध्याकाळी कुठे जाते?"

मी सांगितलं. कुठलं मैदान, कोणते वार, म्हैसूरला काय झालं, सगळं. त्यांनी एवढं विचारलंही नव्हतं. मग मी आतून दप्तर आणलं आणि भूगोलाच्या वहीखालून निळी पँट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. आजवर मी स्वतःला समजावत आले की मी खरं बोलले. पण पँट बाहेर काढताना माझ्या मनात म्हैसूर होतं.

अण्णांनी डोक्यावर हात ठेवला. एक गोळी दिली.

पुढच्या रविवारी अक्काचं नाव मंडळीसमोर घेतलं गेलं. तिला मेजावरून बाजूला ठेवलं. म्हणजे उपासनेला यायचं, पण सगळ्यांत मागच्या चटईवर, दाराशी बसायचं, आणि भाकर नि प्याला घ्यायचा नाही. डोक्यावर पदर घेऊन ती चपलांच्या शेजारी बसली. भाकर हातोहात फिरली. प्याला आईकडून माझ्याकडे आला. मागच्याच वर्षी माझा बाप्तिस्मा झाला होता, त्यामुळे मला प्याला होता. त्यात आम्ही दोघींनी मिळून पिळलेला रस होता. मी प्याले आणि पुढे दिला. मागे वळून पाहायची हिंमत झाली नाही.

त्या आठवड्यातच अंतिम सामना होता. दुपारी संघातल्या तीन मुली रिक्षा करून दारात आल्या. पप्पा उंबऱ्यात उभे राहिले आणि मोडक्या कानडीत म्हणाले, ती येणार नाही. एक मुलगी रडकुंडीला आली होती. "अंकल, ती कप्तान आहे. फक्त दोन तास." पप्पांनी हात जोडले. ते चिडले असते तर मुलींनी वाद घातला असता. हात जोडल्यावर कोण काय बोलणार.

अक्का मागे न्हाणीघराच्या पायरीवर द्राक्षांचं फडकं पिळत होती. कोपरापर्यंत हात जांभळे. मी तिच्यासमोर पातेलं धरून बसले होते. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, कोपऱ्यावर वळल्याचा आला, मग बंद झाला. अक्का पिळत राहिली. फडक्यातून काही येत नव्हतं तरी पिळत राहिली. मी म्हटलं, "अक्का, झालं." ती म्हणाली, "हं." त्या दिवशी चोथा खायला आम्ही बसलो नाही.

खेळाच्या मॅडम नंतर एकदा घरी आल्या. खेळाडूंच्या जागेवर एका बँकेत अक्काला नक्की नोकरी मिळेल म्हणाल्या, अर्ज घेऊनच आल्या होत्या. पण ती नोकरी म्हणजे बँकेच्या संघाकडून खेळायचं. पप्पांनी त्यांना चहा दिला आणि अर्ज परत दिला.

मला वाटलं होतं अक्का बंड करेल. मी त्याची वाट पाहत होते, खरं सांगायचं तर. ती घर सोडून गेली असती, कोणा परक्याशी लग्न केलं असतं, माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तर मला माझी शिक्षा मिळाली असती. तसं काही झालं नाही. सहा महिन्यांनी तिनं मंडळीत उभं राहून साक्ष दिली. मी देवापेक्षा जगावर प्रेम केलं, म्हणाली. बायका रडल्या. पप्पाही रडले. तिला मेजावर परत घेतलं. आणि तिथून ती अशी चालायला लागली की बाकीचे मागेच राहिले. मनगटावरचं घड्याळ काढलं. रंगीत साड्या सोडल्या. चांगलं स्थळ आलं होतं, धारवाडचं, मुलगा शिक्षक, मंडळीतलाच. अक्कानं विचारलं, घरात टीव्ही आहे का. होता. ती नको म्हणाली. पप्पाच तिला समजावायला गेले, "अगं, बातम्यांपुरता आहे तो." अक्का शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्हीच शिकवलंत." मल्लेश्वरममधल्या एका शाळेच्या कार्यालयात टायपिंगची नोकरी तिनं धरली आणि तीच शेवटपर्यंत केली.

मंडळी कधी बदलली, असं कोणी विचारलं तर मला दिवस सांगता येणार नाही. आधी कोणाच्या तरी घरात बातम्यांसाठी टीव्ही आला. मग कोणाच्या मुलीच्या लग्नात सासरचा मान म्हणून सोन्याची साखळी आली. मुलं कंप्युटरच्या नोकऱ्यांना लागली, परदेशी गेली, तिथली चर्चं बघून आली. चटया गेल्या, खुर्च्या आल्या. बाजाच्या पेटीच्या जागी गिटार, मग ड्रम. मराठी उपासना महिन्यातून एकदा, बाकी इंग्रजी. रस आता बाटलीतून येतो. कोणी उभं राहून म्हटलं नाही की आजपासून अमुक गोष्ट जगाची नाही. तो शब्दच कोणी उच्चारेनासं झालं. माझी मुलगी शरोन चर्चमध्ये स्टेजवर नाचते, पास्टर टाळ्या वाजवतो, आणि मीही वाजवते. ती सुंदर नाचते. तिच्याकडे बघताना माझे डोळे भरतात ते कशानं, हे तिला सांगायला मला अजून जमलेलं नाही.

बेंजामिनअण्णांना मी दोन वर्षांपूर्वी भेटायला गेले होते. व्हाइटफील्डला मुलाच्या फ्लॅटमध्ये असायचे, अकराव्या मजल्यावर, नव्वदीला टेकलेले. समोर भिंतभर टीव्ही आणि त्यावर क्रिकेट. सून म्हणाली, मामांना मॅच फार आवडते, सकाळपासून वाट बघतात. त्यांनी मला ओळखलं, पप्पांची आठवण काढली. मी धीर करून म्हटलं, "अण्णा, एस्तेर आठवते? थ्रोबॉल खेळायची म्हणून तिला मेजावरून बाजूला ठेवलं होतं."

त्यांनी खूप प्रयत्न केला. खरंच केला, कपाळावर आठ्या आल्या. "एस्तेर," ते म्हणाले. "उंच होती का?"

"हो."

"नाही आठवत गं. थ्रोबॉलसाठी ठेवलं? असं कसं ठेवलं आपण?" मग खिशात हात घातला, काही सापडलं नाही, आणि ते परत मॅच बघू लागले. लिफ्टमधून खाली येताना मला त्यांचा राग यावा म्हणून मी फार धडपडले.

तर या वर्षी तो निरोप आल्यावर मी आमच्या पास्टरकडे गेले आणि पहिल्यांदा कोणाला तरी सगळी हकिकत सांगितली. तरुण आहे तो, आधी आयटीत होता. मनाचा चांगला आहे. ऐकताना त्याचा चेहरा उतरत गेला. म्हणाला, "आंटी, मी फॅमिली डेला मैदानावर सगळ्यांसमोर माफी मागतो. मंडळीच्या वतीनं. ते पाप नव्हतं, आपण चुकलो, असं सांगतो. तुम्ही अक्कांना घेऊन या. पहिला चेंडू त्यांच्या हातून टाकू."

मी घरी येऊन रडले. इतकी वर्षं मला हेच हवं होतं. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, कोणीतरी तिची माफी मागावी.

पुढच्या रविवारी सकाळी मी अक्काकडे गेले. मल्लेश्वरमलाच एका जुन्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत ती राहते. चर्च बदललं तेव्हा आठ-दहा जुनी माणसं बाहेर पडली आणि तिच्या पुढच्या खोलीत जमू लागली होती, तशीच चटईवर, तशीच पदर घेऊन. ती एकेक करून गेली. गेल्या पावसात फिलिपताता गेले, त्यांच्यातले शेवटचे पुरुष. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, ते मी कधी मनात आणलं नव्हतं.

दार उघडंच होतं. अक्का चटईवर बसली होती, पदर डोक्यावरून. समोर पाटावर भाकर, पांढऱ्या फडक्यानं झाकलेली, आणि प्याला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी शेजारी बसले. तास गेला असेल. ती डोळे मिटून होती. मला वाटलं आता ती फडकं काढेल. मग तिनं उठून भाकर तशीच झाकलेली आत नेली आणि प्यालाही नेला.

"अक्का, घेतलं नाहीस?"

"भाकर बाईनं मोडायची नसते," ती म्हणाली. "मोडायला मंडळीतला कोणी भाऊ नाही आता."

"म्हणजे फिलिपताता गेल्यापासून?"

"हो. मांडते मी. झाकून ठेवते. मग उचलते."

आठ महिने. दर रविवारी. तिला पुन्हा कोणी चपलांपाशी बसवलं नव्हतं, ती आपल्याच घरात, आपणहून मेजाबाहेर बसली होती. मी भडाभडा सगळं बोलून गेले. फॅमिली डे, पास्टर, माफी, पहिला चेंडू. ती ऐकत होती. त्रेपन्न वर्षांची आहे ती आता, केस पांढरे, गुडघे दुखतात, पण खांदे अजून रुंद आहेत.

"ते पाप नव्हतं, असं म्हणणार तो?"

"हो, अक्का."

"मग काय होतं?"

"खेळ होता. नुसता खेळ होता."

तिनं रिकामा पाट उचलून भिंतीशी लावला. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "रूथ, नुसता खेळ होता तर मी काय केलं इतकी वर्षं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. ते धारवाडचे शिक्षक, बँक, घड्याळ, सगळं मला दिसत होतं, आणि ती ते नजरेसमोर येऊ देत नव्हती, दोन्ही हातांनी दार धरून ठेवावं तशी.

"त्याला सांग, नको म्हणावं. माझ्या नावानं कोणी काही बोलू नये. सांगशील ना?"

मी हो म्हटलं. आणि सांगितलंही. पास्टरला ते समजलं नाही, पण त्यानं ऐकलं. फॅमिली डेला पहिला चेंडू त्याच्या बायकोनं टाकला, शरोनचा संघ हरला, सगळ्यांनी बिर्याणी खाल्ली. मी सावलीत बसून होते.

पण त्या रविवारी मी लगेच निघू शकले नाही. दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

"अक्का, बेंजामिनअण्णांना मी सांगितलं होतं. पँट मीच काढून दिली. त्यांनी मागितली नव्हती."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुझ्याच दप्तरात होती ती. दुसरं कोण देणार?"

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

"आधी राग आला. वर्षभर तरी होता. तुझ्या अंगावर पांघरूण घालतानाही यायचा." ती माझ्या जवळ आली. माझा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. तळवे अजून खडबडीत होते. "मग कळलं. मी वाहून चालले होते गं. तू हात धरून ओढून काढलंस. रोज सकाळी मी देवाचे उपकार मानते, आणि तुझं नाव घेते. एक दिवस चुकवलेला नाही."

मला वाटलं होतं ती क्षमा करेल किंवा करणार नाही. दोन्हींसाठी मी मनाची तयारी केली होती. याच्यासाठी केली नव्हती. मला ओरडून सांगायचं होतं की अक्का, मला तुला वाचवायचं नव्हतं, मला म्हैसूरला नेलं नाहीस म्हणून मी ते केलं. शब्द तोंडात आले होते.

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "तुलाही वाटतं ना, रूथ? बरं झालं म्हणून?"

तिचे हात थंड होते आणि तिनं माझा हात घट्ट धरला होता.

"हो, अक्का," मी म्हटलं. "बरं झालं मी सांगितलं."

तिनं डोळे मिटले, पदर पुढे ओढला आणि तिथेच उभ्याउभ्या प्रार्थना सुरू केली. माझ्या बहिणीच्या खऱ्या जिभेबद्दल तुझे उपकार मानते, म्हणाली. तिला सुखी ठेव, तिच्या मुलीला सांभाळ. हळू, स्पष्ट आवाजात, एकेक शब्द. शेवटी ती आमेन म्हणाली आणि थांबली. मी काय म्हणते त्याची वाट बघत थांबली.

मी आमेन म्हटलं.